दोराचं दुसरं टोक

पूर नदीकडून येतो असं बाहेरच्या माणसाला वाटतं. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांना विचारा, तो ओढ्याकडून येतो. नदी तुडुंब झाली की गावामागच्या ओढ्याचं पाणी तिच्यात शिरेनासं होतं, जागच्या जागी तुंबतं, आणि मग नदीच उलटी ओढ्यात चढायला लागते. ही पाण्याची फूग. गावातली जाणती मंडळी घाटाच्या पायऱ्या मोजत बसलेली असतात आणि तेवढ्यात आवाज न करता पाणी मागच्या अंगानं आत आलेलं असतं.

मागच्या अंगाला कोण राहतं हे सांगायला नकाशा लागत नाही. जुनं गावठाण पांढरीच्या उंचवट्यावर, तिथं वाडे, देऊळ, चावडी, पेठ. उतारावर बलुतेदारांची घरं. आणि अगदी खाली, ओढ्याच्या कडेला, महारवाडा नि मांगवाडा. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. कुठं समतानगर आलं, कुठं भीमनगर. ओढा होता तिथंच आहे.

म्हणून ‘पुरानं गाव जातपात विसरलं’ असं कुणी सांगितलं की आधी विचारावं, पाणी किती फूट होतं? लहान पुरात फक्त खालची वस्ती भिजते. माणसं गाठोडी उचलून शाळेत जातात, चार-आठ दिवस काढतात, पाणी उतरलं की चिखल उपसून परत संसार मांडतात. त्या वेळी एकीचे फोटो निघत नाहीत. वरच्या आळीत फार तर कामाला बायका आल्या नाहीत म्हणून भांगलण, म्हणजे शेतातलं तण काढणं, खोळंबते. सगळं गाव एकत्र येतं ते पाणी देवळाच्या पायरीला लागल्यावर.

तसं ते लागतंही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे 39 आणि 43. 2005 मध्ये आयर्विनला पाणी 53 फुटांच्या वर गेलं तेव्हा याच्यापुढं काही नाही असं सगळ्यांनी धरून टाकलं. 2019 च्या ऑगस्टात ते 57 च्या वर गेलं, राजाराम बंधाऱ्यावर 55 च्या वर. आणि 2021 च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यानं 56 फूटही ओलांडले. प्रत्येक गावाचं आपलं गणित असतं: आयर्विनला इतकं झालं की आपल्या ओढ्याच्या पुलावर, इतकं झालं की शाळेच्या पटांगणात. हे गणित सगळ्यांत पक्कं खालच्या वस्तीला पाठ, कारण दरवेळी पहिला धडा त्यांनाच मिळतो. वरच्या आळीचं गणित मात्र भिंतीवरच्या जुन्या रेघेवर चालतं. ‘2005 ला उंबऱ्याला लागलं नव्हतं, आता काय लागतंय?’ या एका वाक्यानं 2019 मध्ये किती घरं माडीवर अडकली असतील! ज्यांना माडीच नव्हती ती माणसं वेळेत निघाली.

माणसं न निघण्याचं दुसरं कारण गोठ्यात उभं असतं. दोन म्हशी सोडून जा म्हटलं तर कोण जाईल? सरकारी यंत्रणा माणसांसाठी बोट पाठवते, म्हशींसाठी पाठवत नाही. जाणता शेतकरी कायम एकच गोष्ट सांगतो, की जनावरं आदल्या दिवशी उजेडात हलवा, आणि ते जमलं नाही तर निदान दावी सोडा. म्हैस उत्तम पोहते. बुडून मरते ती बहुधा दाव्यामुळं. शेळ्यांचं तसं नाही, त्यांना उचलूनच न्यावं लागतं.

आता नावेकडं येऊ. एरवी गावगाड्यात कोळी, भोई, आंबी यांचं स्थान फार वरचं नव्हे. पूर आला की तीन-चार दिवस गावचा कारभार त्यांच्या हातात जातो. नाव कुठून काढायची, कुठून नाही, हे सरपंचाला कळत नाही. भरल्या नदीत समोरचा काठ गाठायचा असेल तर आधी काठाकाठानं बरंच वर जायचं आणि मग धारेला तिरकं कापत उतरायचं. सरळ नाक धरून गेलं की नाव गावाच्या खाली दोन शेतं निघते. शिवारातून जाताना तर नदीपेक्षा जास्त धोका. पाण्याखाली उसाचे शेंडे, काटेरी कुंपण, विहिरीची कठडी. आणि पाणी पंधरा-वीस फूट चढलं की विजेच्या तारा थेट डोक्याच्या उंचीला. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, बंद केल्याचं वायरमनकडून स्वतः ऐकल्याखेरीज जुना नावाडी रात्री नाव सोडत नाही.

नाव बुडते ती धारेनं क्वचितच, बहुधा गर्दीनं. काठ सोडताना नावेची कड निदान एक वीत पाण्यावर राहिली पाहिजे, हा साधा नियम. ती वीत चार बोटांवर आली की पुढच्या माणसाला थांबवायचं, मग तो कुणीही असो. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ बोट उलटून 17 जण गेले. झेपेल त्यापेक्षा जास्त माणसं बोटीत चढली होती. अशा वेळी ‘बस कर’ म्हणण्याचा अधिकार नावाड्याला असावा लागतो, आणि तो त्याच्याकडं असेलच असं नाही. वाड्यातल्या मोठ्या माणसाला ‘दादा, पुढच्या खेपेला’ असं म्हणण्याची सवय ना त्याच्या जिभेला, ना ते ऐकण्याची त्या कानांना. जातीचा प्रश्न पुरात जिवावर कसा बेततो, ते असं.

नाव नसेल तिथं गुऱ्हाळाची काहील निघते. रस आटवायची, सात-आठ फूट व्यासाची, सपाट बुडाची लोखंडी कढई. ती बुडत नाही, पण जागेवर भिरभिरते, कारण तिला नाळ नाही, मागचं-पुढचं नाही. एकानं वल्हं मारलं की ती भोवऱ्यासारखी फिरते; म्हणून दोघांनी समोरासमोर बसून एकाच तालात मारायचं किंवा काठावरून दोर लावून ओढायची. बसणाऱ्यांनी कडेनं गोल, पाठी बाहेर, पाय आत करून बसायचं. एकाच अंगाला दोन जाड माणसं बसली की ती तिकडं कलते आणि मग सगळेच घाबरून दुसऱ्या अंगाला सरकतात, तिथंच घात होतो. म्हणून वजन बघून बसवायचं: भारी माणसासमोर भारी माणूस, मध्ये पोरं आणि बाळंतीण. काहिलीत बसताना गुडघ्याला गुडघा लागतोच. पाटलीणबाईंच्या समोर तेवढ्याच वजनाची मांगवाड्यातली म्हातारी बसवली जाते आणि दोघी एकमेकींच्या हाताला घट्ट धरून असतात. भीती खरी असते, धरणंही खरं असतं. पलीकडच्या काठाला उतरल्यावर हात सुटतात, तेही तितकंच खरं.

पाणी अडवणं आणि सोडणं या दोन गोष्टींचं या भागात एक निराळंच नातं आहे. पंचगंगेला फुगवणाऱ्या भोगावतीवर राधानगरीचं धरण आहे, राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. त्याच महाराजांनी 1919 मध्ये करवीर संस्थानातल्या सार्वजनिक विहिरी, पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे हुकूम काढले. पुढं 20 मार्च 1927 ला महाडचं चवदार तळं. पाण्यावरून एवढं सगळं झालेल्या मुलखात पूर येतो तेव्हा तो सगळे पाणवठे एका रात्रीत एक करून टाकतो आणि त्यातलं एकही घोटभर पिण्याजोगं ठेवत नाही.

छावणीत पहिली गाठ पडते ती खोल्यांच्या वाटपाशी. मराठी शाळेचा वर्ग साधारण 20 बाय 25 फूट, म्हणजे 46 चौरस मीटर. आपत्तीतल्या निवाऱ्याचा जागतिक संकेत माणशी साडेतीन चौरस मीटरचा. त्या हिशेबानं एका वर्गात तेरा माणसं. प्रत्यक्षात चाळीस झोपतात. मोकळं सोडलं की पहिल्या तासातच खोल्या आपोआप भावकी-भावकीनं भरतात: पहिली ते चौथी वरची आळी, व्हरांडा नि कोपऱ्यातली खोली खालची वस्ती. त्यात दुष्टपणा असतोच असं नाही, माणूस घाबरला की ओळखीच्याजवळ जातो. पण खालची वस्ती तर आदल्या रात्रीच आलेली असते, मग ती व्हरांड्यात कशी गेली? वरची मंडळी आली तेव्हा तिनं आपसूक जागा करून दिली. कुणी सांगितलंही नाही. ज्या गावात शिक्षक किंवा ग्रामसेवक खमका असतो तिथं दारावर खडूनं लिहिलेलं असतं: तळमजला बाळंतिणी, म्हातारे, अंथरुणाला खिळलेले, वरचा मजला धडधाकट. आळ्या आपोआप मिसळतात, कारण म्हातारपण सगळ्या आळ्यांत असतं.

खरी परीक्षा मात्र चुलीपाशी. पहिल्या संध्याकाळी हमखास एक आवाज येतो, ‘आम्हाला शिधा द्या, आमचं आम्ही करून घेतो.’ पूर बहुधा आषाढ-श्रावणात येतो, त्यामुळं सबब तयार असते: उपवास आहे, माळकरी आहोत, कांदा-लसूण चालत नाही. यातल्या काही सबबी अगदी खऱ्याही असतात, आणि नेमकं त्यामुळंच खोट्या सबबी ओळखू येत नाहीत. दुसऱ्या दिवशी गॅस संपतो. 14.2 किलोची एक टाकी दहा चुलींवर वाटली तर काहीच शिजत नाही, एका भट्टीवर लावली तर दोन-तीन वेळा गाव जेवतं. वेगळ्या चुली मोडल्या त्या बऱ्याच ठिकाणी या हिशेबानं. विचार बदलला म्हणून मोडल्या असं नाही. त्यात कमीपणा मानायचंही कारण नाही, पोटाचा हिशेब हा प्रामाणिक हिशेब आहे.

शंभर माणसांच्या एका वेळच्या खिचडीला 8 किलो तांदूळ, 3 किलो मूगडाळ, लिटरभर तेल, 400 ग्रॅमच्या आसपास मीठ आणि 40 लिटर पाणी. चिखल उपसणारी माणसं असतील तर तांदूळ 10 आणि डाळ 4, पाणी त्या मानानं वाढवायचं. बिघडते ती ठरलेल्या कारणांनी. डाळ न भिजवता टाकली की तांदूळ मोडतो आणि डाळ कचकच राहते. जळण ओलं असलं की धूर जास्त, आच कमी. मग कुणीतरी उतावळेपणानं जाळ वाढवतो आणि बुडाला करपते. करपलेलं पातेलं खरवडायचं नाही, वरचं वर दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचं, नाहीतर सगळ्याला वास लागतो. तांदूळ एक कणी कच्चा असतानाच उतरवायची, एवढ्या ढिगात तो आतल्या आत शिजतो. आणि झाकण घट्ट लावून ठेवायची नाही. पावसाळी दमट हवेत गरम खिचडी कोंडली की चार तासांत आंबूस होते आणि मग छावणीत जुलाब सुरू. पुराचं पाणी प्यायलं म्हणून जुलाब झाले असं सगळे म्हणतात. निम्म्या वेळा दोष सकाळची खिचडी दुपारी वाढण्याचा असतो.

ही खिचडी शिजते त्या पातेल्याकडं जरा जवळून बघण्यासारखं असतं. गावात शंभर माणसांचं भांडं कुणा एकाच्या घरी नसतं, ते समाजाचं असतं. लग्न-बारशाला लागतात म्हणून प्रत्येक समाजानं वर्गणी काढून आपापला संच केलेला असतो आणि त्यावर टोच्यानं नाव कोरलेलं असतं: समस्त अमुक समाज, कुणाच्या तरी स्मरणार्थ, सन अमुक. पुरात कुठला संच हाताला लागेल ते पाणी ठरवतं. देवळाच्या कोठीतला संच पाण्याखाली गेला आणि बौद्ध समाजानं आदल्याच दिवशी हलवून शाळेच्या माडीवर ठेवलेला संच कोरडा राहिला, तर पाटलाच्या आळीचं जेवण त्या पातेल्यात शिजतं. टोच्याचे ठिपके काजळीनं झाकले जातात. वाढताना कुणी वाचत नाही. पूर ओसरल्यावर भांडी घासताना राख-चिंचेनं काजळी निघते आणि अक्षरं पुन्हा वर येतात. मग भांडी नावं बघून लावली जातात आणि ज्याची त्याला परत जातात. पुढच्या जत्रेच्या पंगतीला त्या संचातलं पातेलं कुणी मागायला गेलं, तर पुरानं काहीतरी बदललं म्हणायचं. बहुतेक ठिकाणी जात नाहीत. काही ठिकाणी जातात, आणि मागायला येणाराही सहज आल्यासारखं दाखवतो.

एक बारीक गोष्ट वाढप्यांची. ‘सगळे एकत्र जेवले’ यात मोठंसं काही उरलेलं नाही, पंगती आता बऱ्याच गावांत एकत्र होतात. शिजवलं कुणी आणि ओगराळं कुणाच्या हातात, हे बघायचं. खालच्या वस्तीतल्या बाया भाजी चिरायला, भांडी घासायला आणि वरच्या आळीच्या वाढायला, अशी विभागणी झाली की जेवणारा पोटभर जेवतो आणि उतरंड तशीच राहते. म्हणून शहाणे लोक आळीवार काम न देता पाळी लावतात. प्रत्येक आळीतली दोन-दोन माणसं मिळून एक गट, आणि सकाळी चिरणारा गट संध्याकाळी वाढतो. पाळी कागदावर लिहून शाळेच्या दाराला चिकटवायची. तोंडी ठरवलेली पाळी दुसऱ्या दिवशी जुन्या वळणावर जाते.

पूर आला म्हणून गावातलं मरण थांबत नाही, आणि स्मशानभूमी बहुधा नदीकाठीच असते. म्हणजे असतात, अनेक गावांत समाजागणिक वेगळ्या आहेत, आणि त्या सगळ्या एकाच दिवशी पाण्याखाली जातात. मग गायरानातल्या उंच जागेवर दगड रचून चौथरा करायचा, वर पत्रे धरायचे. कोल्हापूरच्या बाजूला दहन शेणींवर, म्हणजे वाळलेल्या गोवऱ्यांवर, होतं, आणि शेणी भिजली की ती पेटत नाही. कोरड्या शेणी कुणाच्या माळ्यावर शिल्लक आहेत, हे त्या दिवशी घरोघर विचारत फिरावं लागतं. ज्याच्या माळ्यावर सापडतात तो देतो. मयत कुणाचं हे विचारतो आणि देतो. एकदा त्या चौथऱ्यावर दोन वेगवेगळ्या समाजांची दहनं झाली की तिसऱ्याला तिथं नको म्हणणं अवघड होऊन बसतं. पाणी उतरल्यावर मात्र जुन्या जागा आधी साफ होतात.

पाणी उतरायला लागलं की लोकांना सुटल्यासारखं वाटतं, आणि याही वेळी माणसं मरतात. मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीला पूर असताना दोन्ही अंगांनी पाण्याचा आधार असतो. बाहेरचं पाणी खाली गेलं, आतलं तसंच राहिलं, की भिजून लोण्यासारखी झालेली भिंत बाहेर बसते. म्हणून दार उघडून आधी आतलं पाणी वाहतं करायचं, भिंतीला ओलीचा पट्टा कुठवर आहे ते बघायचं, आणि निदान दोन उन्हं लागल्याशिवाय आत झोपायचं नाही. मीटरचा मुख्य स्विच वायरमननं बघेपर्यंत हात लावायचा नाही. फडताळात, कणगीत, गादीच्या घडीत घोणस बसलेली असते. वस्तू आधी काठीनं हलवायची, मग हातानं.

गाळ ओला असतानाच काढायचा. उन्हानं तडकला की तो फरशीला असा धरतो की टिकावानं फोडावा लागतो. घरातलं पाणी घोट्याइतकं उरलं की ते फेकायचं नाही. त्याच पाण्यात खराट्यानं गाळ ढवळून फळीनं बाहेर लोटायचा, पाणी गाळाला घेऊन जातं. पाणी आधी काढून टाकणारे मग टँकरनं पाणी विकत घेतात आणि तोच गाळ पातळ करतात. विहिरीचं काम त्याहून कटकटीचं. आधी उपसा, मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. एरवीच्या दिवसांत हजार लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास चांगली पावडर पुरते. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते सुमारे 63 हजार लिटर, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम. पुरानंतर तेवढ्यानं भागत नाही, गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं; मात्रा वाढवत न्यायची आणि अर्ध्या तासानं ओटी चाचणीत, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणाऱ्या चाचणीत, पिवळा रंग येतो का बघायचं. पावडर तशीच विहिरीत भिरकावली तर तळाला जाऊन बसते. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ ओतायची, आणि पोहऱ्यानं पाणी वरखाली करायचं. गेल्या वर्षीचं ओल लागलेलं पोतं असेल तर त्यात नुसता चुनाच उरलेला असतो. ते टाकून समाधान मानणारी गावं कमी नाहीत.

इथवर सगळं गाव बरोबर असतं. मग बांधावर म्हैस सापडते.

तीन दिवस पाण्यात राहिलेली म्हैस चार-पाचशे किलोची, टम्म फुगलेली, बाभळीत अडकलेली असते. जेसीबी आणायचा तर शेतात वाफसा नाही, तो रुतणार. म्हणून रस्त्यापर्यंत हातानंच ओढायची. दोर मागच्या दोन्ही पायांना, खुरांच्या वरच्या सांध्याच्या वर, दोन वेढे घेऊन बांधायचा. पोटाला बांधला तर कातडी सुटते आणि पोट फुटतं. खाली पत्रा सरकवायचा म्हणजे चिखलात ओढ कमी लागते. ओढायला सहा-आठ माणसं. त्याआधी कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर दिसेल असा फोटो आणि पंचनामा. पुरल्यावर कुणी उकरून दाखवत नाही आणि भरपाई जाते. खड्डा आठ-नऊ फूट, विहिरी आणि बोअरपासून लांब, ओढ्याच्या काठाला तर नकोच. खाली-वर चुना नि मीठ, त्यावर निदान चार फूट माती, नाहीतर कुत्री रात्रीत उकरतात.

हे सगळं तपशिलात सांगून झालं की चावडीसमोरच्या घोळक्यात कुणीतरी म्हणतं, ‘वस्तीतल्या पोरांना हाक मारा की.’ बोलणारा माणूस वाईट नसतो. चार दिवस तोच त्या पोरांबरोबर काहील ओढत असतो. पण मेलेलं ढोर दिसल्याबरोबर त्याच्या तोंडून जे निघतं ते त्याच्या आजानं म्हटलेलं असतं. महाडच्या 1927 च्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा म्हणून बजावलं. गावोगावच्या महारांनी मग ढोरं ओढणंही टाकलं आणि त्यासाठी बहिष्कार सोसले. ती हाक कानावर पडल्यावर वस्तीतलं पोरगं गप्प होतं, बूट काढून भिंतीला लावतं आणि घरी निघून जातं. चार दिवसांत जुळलेलं एका वाक्यात तुटतं. ते का गेलं हे घोळक्यातल्या निम्म्या लोकांना कळत नाही, आणि उरलेल्यांना कळतं पण ते बोलत नाहीत.

जिथं हे तुटत नाही, तिथं काय घडतं? फारसं काही नाही. म्हशीचा मालक हातमोजे घालतो आणि गाठ स्वतः मारतो. दोर ओढायला गाव येतंच. लांबचं टोक स्वच्छ असतं, त्याला धरायला कुणाची ना नसते. अडतं ते दुसऱ्या टोकाशी, जिथं वाकून पायाला हात लावावा लागतो. ती गाठ ज्याचं जनावर त्यानं मारली की बाकीच्या हातांची जात कुणी बघत नाही. शाळेच्या संडासांचंही तेच. दोनशे माणसांना दहा लागतात, असतात तीन-चार, आणि दुसऱ्या दिवशी तुंबतात. पाळीच्या कागदावर स्वयंपाकाशेजारीच ते काम लिहिलं, आणि पहिल्या दिवशी सरपंचाच्या आळीचं नाव घातलं, तर पुढं वाद होत नाही. ‘कुणीतरी बघा’ म्हटलं तर ते कुणीतरी कोण हे सगळ्यांना माहीत असतं.

पंचनाम्यांचा भाग कोरडा आहे, पण टाळून चालणार नाही. 2019 ला ग्रामीण भागात पूरग्रस्त कुटुंबाला 10 हजारांचं सानुग्रह अनुदान जाहीर झालं, शहरात 15 हजारांचं. घराला नमुना 8 चा उतारा, पिकाला सातबारा. पोंग्यात गाळ जाऊन कुजलेला ऊस तलाठ्याला दिसतो. त्या उसात भांगलणीला जाणाऱ्या बाईचे पुढचे दोन महिने बुडालेले असतात, ते कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. खंडानं शेत करणाऱ्याचं पीक मालकाच्या नावावर भरपाई घेऊन जातं. एकत्र खिचडी खाल्लेल्या गावात पहिलं भांडण याद्यांवरून होतं, आणि ते बहुधा जातीच्या भाषेत होतं, कारण जमीन कुणाकडं आहे हा प्रश्न बहुधा त्याच भाषेत लिहिलेला आहे. तलाठी एकटा न फिरता बरोबर प्रत्येक आळीतला एक माणूस घेऊन फिरला आणि यादी चावडीवर लावली की निम्मं भांडण मिटतं. उरलेलं निम्मं मिटण्यासारखं नसतंच.

मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, ग्रामपंचायतीत पूरनियोजनाची बैठक होते. एक तक्ता भरायचा असतो. नाव आणि नावाडी, तिथं कोळ्यांची नावं पटापट सांगितली जातात. लाइफ जॅकेट किती, ट्रॅक्टर कुणाचे, दोर कुणाकडं, शाळेच्या किल्ल्या कुणाकडं. स्वयंपाक, यात आता सगळ्या आळ्यांची नावं येतात, काही गावांत ती आधीच लिहून आणलेली असतात. अगदी शेवटी एक ओळ असते, ‘मृत जनावरे व शौचालय स्वच्छता’. ग्रामसेवक पेन उचलून वर बघतो. चहा आलेला असतो, लोक उठायच्या घाईत असतात. कुणीतरी म्हणतं, ‘ते बघू की वेळेला.’ ग्रामसेवक तिथं आडवी रेघ मारतो आणि सहीला कागद पुढं सरकवतो.